कुटुंबचित्रण, प्राचीन ईजिप्शियन थडग्यांतील

प्राचीन ईजिप्तमधील थडग्यांच्या भिंतींवर, स्मृतिशिलांवर आणि थडग्यांत ठेवलेल्या पुतळ्यांतून मृत व्यक्तीचे पत्नी, मुले, आईवडील, भावंडे व इतर आप्त ह्यांच्या सहवासात केलेले चित्रण. सु. इ. स. पू. २६०० पासून नव-राज्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सु. दीड हजार वर्षे, हा विषय ईजिप्शियन कलेत सातत्याने आढळतो. कुटुंबाच्या स्मरणार्थ काढलेली चित्रे असे त्याचे स्वरूप प्रथमदर्शनी वाटते. तथापि ही चित्रे पाहणाऱ्याच्या आनंदासाठी काढलेली नव्हती. मृत व्यक्तीचे मरणोत्तर अस्तित्व ज्या व्यवस्थेवर अवलंबून होते, तिचा ती एक आवश्यक भाग होती. म्हणूनच कोणाला चित्रात स्थान मिळाले, कोणाला कोणत्या आकारात दाखविले गेले व कोणाचे नाव कोरले गेले, ह्या गोष्टींना ह्या कलेत विशेष महत्त्व आहे.

प्रयोजन : ईजिप्शियन समजुतीनुसार मनुष्याची ‘का’ नावाची जीवनशक्ती मृत्यूनंतरही टिकून राहते, मात्र तिला अन्नपाण्याची गरज असते. थडग्याचे सामान्यतः दोन भाग असत. शव ठेवलेली भूमिगत खोली अंत्यविधीनंतर कायमची बंद केली जाई. वरील अर्पणगृह मात्र आप्तांना व पुरोहितांना खुले असे. तेथील आभासी दारापुढे भाकरी, बीअर, मांस इ. पदार्थ ठेवले जात आणि ह्या दारातून मृताची ‘का’ ते ग्रहण करते, असे मानले जाई. प्रत्यक्ष अर्पण थांबले, तरी भिंतीवर कोरलेले अन्न, सेवक व आप्त मृताला उपयोगी पडतील, अशी श्रद्धा होती. नाव व प्रतिमा टिकली, तर व्यक्तीही टिकते, हे ह्या श्रद्धेचे मूळ सूत्र होय.

ह्या व्यवस्थेत ज्येष्ठ पुत्राचे स्थान महत्त्वाचे होते. पुराणकथेत ओसायरिस ह्या मारल्या गेलेल्या देवाला त्याची पत्नी इसिस पुन्हा सजीव करते व पुत्र होरस त्याचा वारसा चालवितो. प्रत्येक मृत पुरुष ओसायरिसच्या, त्याची पत्नी इसिसच्या व पुत्र होरसच्या भूमिकेत आहे, असे कल्पिले जाई. ममीच्या मुखाला शस्त्रांनी स्पर्श करून तिला पुन्हा बोलण्याची व खाण्याची शक्ती देण्याचा ‘मुखोद्‍घाटन’ विधी पुत्राने करावा, असा संकेत होता. वडिलांसाठी स्मारक उभारणाऱ्या पुत्राचे वर्णन कोरीव लेखांत ‘त्याचे नाव जिवंत ठेवणारा’ असे केलेले आढळते. त्यामुळे अर्पण करणाऱ्या पुत्राची आकृती केवळ कौटुंबिक जिव्हाळ्याची निदर्शक नसून कर्तव्यपूर्तीची व वारसाहक्काचीही निदर्शक आहे.

चित्रणाचे संकेत : आकृतीचा आकार हा तिच्या महत्त्वाचा द्योतक असे. थडग्याचा स्वामी सर्वांत मोठा. पत्नी कधी त्याच्या तोडीची, तर कधी त्याच्या गुडघ्याइतकीच उंच. मुले त्याहून लहान, असा साधारण क्रम दिसतो. पुरुषांची त्वचा तांबूस तपकिरी व स्त्रियांची पिवळसर रंगविण्याची प्रथा होती. पतिपत्नी एकाच आसनावर बसलेली असता पत्नी पतीच्या मागे दिसते आणि तिचा एक हात त्याच्या खांद्यावर वा कमरेभोवती असतो. वस्तुतः ती त्याच्या शेजारी बसलेली असते; शेजारी असलेल्या व्यक्ती एकीमागे एक दाखविणे हा ईजिप्शियन रेखाटनाचा नियम होता.

बालक दाखविण्याची खूण ठरलेली होती : विवस्त्र शरीर, मुंडन केलेल्या डोक्याच्या एका बाजूस सोडलेली केसांची बट आणि तोंडाशी धरलेले बोट. ह्या खुणा वय दर्शवितातच असे नाही. एकाच थडग्यात एकच पुत्र एका ठिकाणी पित्याच्या पायाशी उभे असलेले बालक म्हणून व दुसऱ्या ठिकाणी विधी करणारा प्रौढ म्हणून दिसू शकतो. येथे ‘बालक’ ही वयाची अवस्था नसून पित्याशी असलेल्या नात्याची खूण आहे. ह्याच न्यायाने आईवडील, मुले व नातवंडे बहुधा सारखीच तरुण व निरोगी दाखविली जात. वार्धक्याच्या खुणा अपवादानेच आढळतात आणि गरोदर स्त्रीचे चित्रण तर जवळजवळ नाहीच.

नातेवाचक शब्द : चित्रांतील व्यक्तींची ओळख त्यांच्याजवळ कोरलेल्या मजकुरावरून पटते, तथापि ईजिप्शियन भाषेतील नातेवाचक शब्द थोडे असल्याने ही ओळख अनेकदा संदिग्ध राहते. माता, पिता, पुत्र, कन्या, भाऊ, बहीण, पती व पत्नी एवढेच मूळ शब्द प्रामुख्याने वापरात होते. आजोबाही ‘पिता’ व नातूही ‘पुत्र’ ठरे. ‘सेन’ (भाऊ) हा शब्द सख्खा भाऊ, काका, मामा, चुलतभाऊ, पुतण्या व कधी मेहुणा ह्या सर्वांना लावला जाई. मराठीसारख्या, प्रत्येक नात्याला स्वतंत्र नाव देणाऱ्या भाषेच्या वाचकाला ही अडचण चटकन जाणवेल. नव-राज्यात पत्नीचा उल्लेखही ‘सेनेत’ म्हणजे ‘बहीण’ असा होऊ लागला. तो प्रेमवाचक आहे हे लक्षात न आल्यामुळे ईजिप्तच्या सर्वसामान्य समाजात भाऊ-बहिणींचे विवाह सर्रास होत, असा समज आरंभीच्या काही अभ्यासकांनी करून घेतला होता. फेअरोंच्या घराण्यांत असे विवाह झाले. परंतु फेअरोंच्या काळातील सामान्य जनांत ते रूढ असल्याचा पुरावा नाही. विवाहित स्त्रीसाठी मध्य राज्यापासून ‘नेबेत पेर’ (गृहस्वामिनी) ही उपाधी विशेष प्रचलित झाली.

प्राचीन राज्य (सु. इ. स. पू. २६८६–२१८१) : ह्या काळातील उच्चपदस्थांची ‘मस्तबा’ पद्धतीची थडगी मुख्यतः मेदुम, गीझा व सकारा येथे आहेत. मेदुम येथे १८७१ मध्ये सापडलेले राहोतेप व त्याची पत्नी नोफ्रेत ह्यांचे चौथ्या राजवंशातील चुनखडकाचे रंगीत पुतळे सुप्रसिद्ध आहेत. दोघांची आसने स्वतंत्र, पण आकार जवळपास सारखा आहे. गडद तपकिरी रंगाचा पती व फिकट पिवळसर रंगाची पत्नी ह्यांत वर्णसंकेत स्पष्ट दिसतो. डोळ्यांत बसविलेल्या स्फटिकांमुळे हे पुतळे विलक्षण सजीव भासतात.

गीझा येथे हेर्मान युंकर ह्यांना १९२६-२७ मध्ये सापडलेला सेनेब ह्या अधिकाऱ्याचा कुटुंबपुतळा कलाकाराच्या कल्पकतेचा उत्तम नमुना आहे. सेनेब शरीराने ठेंगू होता. त्याचे शरीरवैशिष्ट्य शिल्पकाराने लपविले नाही. मात्र त्याला मांडी घालून उच्चासनावर बसविले. शेजारी बसलेली पत्नी सेनेतितेस त्याला दोन्ही हातांनी प्रेमाने धरून आहे. बसलेल्या इतर पुरुषांच्या पुतळ्यांत जेथे पाय असतात, नेमक्या त्या जागी त्याचा मुलगा व मुलगी उभी आहेत. त्यामुळे रचनेचा तोल साधतो आणि संकेतांनाही बाध येत नाही. मुलांच्या नावांत खूफू व जेदेफ्रे ह्या फेअरोंची नावे गुंफलेली असून त्यांवरून राजनिष्ठा व प्रतिष्ठा ह्या दोहोंचा बोध होतो.

स्त्रीकेंद्रित थडग्यांची उदाहरणे थोडी आहेत. त्यांपैकी खूफूची नात तिसरी मेरेसान्ख हिचे गीझा येथील थडगे जॉर्ज राइझ्नर ह्यांनी १९२७ मध्ये उजेडात आणले. त्यात मेरेसान्ख व तिची आई दुसरी हेतेफेरेस ह्या दोघी नावेतून जाताना पपायरसची झाडे उपटीत असल्याचे दृश्य आहे. आतील दालनात खडकातून कोरलेल्या दहा स्त्रियांची रांग आहे. ह्या स्त्रियांची नावे दिलेली नाहीत. तरी मेरेसान्ख, तिची आई व कन्या ह्यांच्याच त्या प्रतिमा असाव्यात, असे मानले जाते.

सकारा येथील मेरेरुका ह्या वजिराचे सहाव्या राजवंशातील तीसहून अधिक दालनांचे थडगे म्हणजे जणू एक कौटुंबिक वास्तूच आहे. त्यात मेरेरुका, त्याची पत्नी व तेती राजाची कन्या वातेतखेथोर आणि पुत्र मेरीतेती ह्या तिघांसाठी वेगवेगळे विभाग आहेत. पती शय्येवर बसलेला असून पत्नी त्याच्यासाठी हार्प वाजवीत आहे, हे तेथील दृश्य प्राचीन राज्यातील कौटुंबिक जिव्हाळ्याच्या मोजक्या दृश्यांपैकी एक होय.

अर्थनिर्णयाच्या मर्यादा दाखविणारे उदाहरणही सकारा येथेच आहे. १९६४ मध्ये सापडलेल्या, पाचव्या राजवंशातील एका थडग्यात नियान्खख्नूम व ख्नूमहोतेप हे राजवाड्यातील नखसंस्कार करणारे दोन अधिकारी नाकाला नाक भिडवून परस्परांना आलिंगन देताना अनेकदा दाखविले आहेत. दोघांच्या पत्नी व मुलेही भिंतींवर आहेत. हे दोघे भाऊ, कदाचित जुळे भाऊ होते, असे काही अभ्यासक म्हणतात; तर ही मांडणी इतरत्र पतिपत्नींसाठी योजली जाते, ह्याकडे अन्य अभ्यासक लक्ष वेधतात. त्यांचे नाते सांगणारा लेख थडग्यात नाही. त्यामुळे हा वाद मिटलेला नाही.

मध्य राज्य (सु. इ. स. पू. २०५५–१६५०) : ह्या काळात प्रांताधिपतींच्या घराण्यांना महत्त्व आले व त्याबरोबर वंशावळीलाही. बेनी हसन येथील ३९ शैलगृहांपैकी दुसऱ्या ख्नूमहोतेपचे थडगे ह्या दृष्टीने मननीय आहे. तेथील प्रदीर्घ लेखात त्याने आपला अधिकार आईकडून, म्हणजे मातामह पहिला ख्नूमहोतेप ह्याच्याकडून आल्याचे नमूद केले आहे. कुटुंबचित्रणातून मातृवंशाचे राजकीय मूल्य कसे प्रकट होते, हे येथे दिसते. ह्या थडग्यात पत्नी खेती हिच्याबरोबरच चात नावाची, कारभारात अधिकारपद असलेली स्त्री व तिची मुलेही चित्रित आहेत; ती ख्नूमहोतेपची दुसरी सहचारिणी असावी. ह्याच थडग्यात दुसऱ्या सेन्वोस्रेतच्या कारकीर्दीच्या सहाव्या वर्षी आलेल्या आशियाई लोकांचा जथा रंगविलेला असून त्यात रंगीबेरंगी वस्त्रे ल्यालेले पुरुष, स्त्रिया व गाढवाबरोबर चालणारी मुले आहेत. परकीय कुटुंबांचे ईजिप्शियन चित्रकाराने केलेले हे एक महत्त्वाचे चित्रण होय.

ह्याच काळात अबायडॉस ह्या ओसायरिसच्या तीर्थक्षेत्री मध्यम प्रतीच्या अधिकाऱ्यांनीही स्मृतिशिला उभारल्या. हाताच्या पसाऱ्याएवढ्या शिळेवर कधी कधी आईवडील, भावंडे, मुले, सहकारी, एवढेच नव्हे तर घरातील सेवकांचीही नावे दाटीवाटीने कोरलेली आढळतात. ज्यांना स्वतंत्र थडगे परवडणारे नव्हते, त्यांनाही ह्या मार्गाने देवाच्या सान्निध्यात नाव टिकविता येत असे.

नव-राज्य (सु. इ. स. पू. १५५०–१०६९) : थीब्झच्या पश्चिम तीरावरील डोंगरात कोरलेल्या, चित्रांनी सजविलेल्या चारशेहून अधिक खाजगी थडग्यांमुळे ह्या काळातील साधनसामग्री विपुल आहे. मेजवानी व दलदलीतील शिकार हे दोन विषय विशेष लोकप्रिय होते. मेजवानीत मृत दांपत्यासमोर आप्तेष्टांच्या रांगा, वादक, नर्तकी व सुगंधी द्रव्ये दिसतात. वार्षिक दरी-उत्सवात थीब्झमधील कुटुंबे आपल्या पूर्वजांच्या थडग्यांपाशी जमून खानपान करीत. ह्या दृश्यांचा त्या उत्सवाशी निकटचा संबंध आहे. एल् काब येथील पाहेरीच्या थडग्यात मेजवानीस बसलेली एक स्त्री सेवकाकडे मद्याचे अठरा पेले मागते. औपचारिक चित्रणात डोकावणारा हा विनोद लक्षणीय आहे.

नेबामून ह्याच्या थडग्यातील शिकारीचे चित्र (सु. इ. स. पू. १३५०) सर्वपरिचित आहे. नेबामून पपायरसच्या होडीत उभा राहून पक्ष्यांवर फेककाठी उगारीत आहे. मागे नटलेली पत्नी हातशेप्सूत उभी आहे, तर त्याच्या पायांशी बसलेली छोटी कन्या कमळ खुडीत आहे. दलदलीत जाण्यास पत्नीचा वेश सर्वस्वी गैरसोयीचा आहे. चित्रकाराला सहलीचा वृत्तांत द्यावयाचा नव्हता. दलदल ही सृष्टीच्या आरंभाची व पुनर्जन्माची भूमी. स्त्रीचे सौंदर्य, कमळे व पक्षी ह्यांतून प्रजननशक्ती सूचित होते आणि तीच मृताला नवा जन्म देते, असा ह्या दृश्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. मेन्ना ह्याच्या थडग्यातील शिकारीची दृश्येही ह्याच धर्तीची आहेत. तेथे मेन्नाच्या आकृतीचे डोळे पुढे कोणी तरी खरवडून काढले. प्रतिमेला इजा केली, तर मृतालाही इजा होते, ही समजूत अशा कृतींमागे होती.

वजीर रामोस ह्याच्या थडग्यातील नाजूक उत्थित शिल्पांत त्याचे आईवडील, भाऊ आमेनहोतेप व भावजय मेय ह्यांना ठळक स्थान आहे. सेन्नेफेरच्या द्राक्षवेलींनी रंगविलेल्या थडग्यात पत्नी मेरित जवळजवळ प्रत्येक दृश्यात पतीसोबत आहे.

अमार्ना काळ : अखेनातनच्या कारकीर्दीत (इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या मध्यास) हे चित्र पालटले. अमार्ना येथील अधिकाऱ्यांच्या थडग्यांत त्यांची स्वतःची कुटुंबे मागे पडली आणि राजा, राणी नेफरतीती व त्यांच्या कन्या ह्यांनी भिंती व्यापल्या. दुसऱ्या मेरीरेच्या थडग्यातील, कारकीर्दीच्या बाराव्या वर्षाच्या सोहळ्याच्या दृश्यात सहा राजकन्या दिसतात. मुलींना कुरवाळणारे राजदांपत्य आज जिव्हाळ्याचे वाटते. तथापि राजकुटुंब हेच देव व प्रजा ह्यांतील एकमेव दुवा आहे, हा धार्मिक आशय त्यामागे होता. राजपरिवाराच्या थडग्यातील दोन दालनांत मात्र निराळा सूर उमटतो. तेथे मृत्युशय्येपुढे राजा व राणी शोक करीत आहेत आणि जवळच अर्भक घेतलेली दाई आहे. त्यांपैकी एका दालनात मृताचे नाव राजकन्या मेकेतातन असे दिले आहे. तिचा मृत्यू बाळंतपणात झाला, असे काहींचे मत आहे. ते अर्भक तिच्या पुनर्जन्माचे प्रतीक आहे, असे इतर मानतात. राजाला अशा प्रकारे शोकविव्हल दाखविणे ईजिप्शियन कलेत अपूर्व होते.

एरव्ही राजांच्या दरीतील फेअरोंच्या थडग्यांत कौटुंबिक दृश्ये जवळजवळ नसतात. तेथे राजा देवांच्या सहवासात असतो. दुसऱ्या रॅमसीझची राणी नेफर्तारी हिच्या, १९०४ मध्ये सापडलेल्या थडग्यातही पती कोठे दिसत नाही. तिसऱ्या रॅमसीझच्या पुत्रांच्या थडग्यांत मात्र पिता स्वतः लहान राजपुत्राला देवांकडे घेऊन जातो.

देर अल्-मदीना : राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांच्या ह्या गावात त्यांनी स्वतःसाठीही थडगी बांधली. सेन्नेजेम ह्याचे १८८६ मध्ये अभंग स्थितीत सापडलेले थडगे वीस आप्तांचे सामाईक विश्रांतिस्थान होते. त्याच्या पूर्वेकडील भिंतीवर सेन्नेजेम व पत्नी ईनेफेर्ती परलोकातील इयारूच्या शेतात पांढरीशुभ्र वस्त्रे नेसून नांगरणी, पेरणी व कापणी करीत आहेत. पाशेदू ह्याच्या थडग्यात आप्तांच्या केसांच्या काळ्या, करड्या व पांढऱ्या छटांवरून पिढ्यांचा भेद दाखविला आहे. विसाव्या राजवंशातील इन्हेरखाऊच्या थडग्यात तो व त्याची पत्नी विवस्त्र, बट सोडलेल्या नातवंडांनी वेढलेली आहेत.

वास्तुप्रमुख खा व त्याची पत्नी मेरित ह्यांच्या प्रार्थनागृहात त्यांची चित्रे आहेत. त्यांचे दफन एर्नेस्तो स्क्यापारेल्ली ह्यांना १९०६ मध्ये अस्पर्शित सापडले व तेथील वस्तू इटलीतील तूरिन येथील संग्रहालयात नेण्यात आल्या. मेरित पतीच्या आधी वारली. तिची शवपेटी तयार नसल्याने खा ह्याने स्वतःसाठी करविलेली पेटी तिला दिली. तिच्या देहाच्या मानाने ती मोठी आहे व तिच्यावर नाव खा ह्याचेच आहे. भिंतीवर कधीच न उमटलेली अकालमृत्यूची घटना येथे वस्तूवरून कळते.

चित्र व वास्तव : थडग्यांतील कुटुंब नेहमी एकोप्याचे असते. लिखित साधने निराळी हकीकत सांगतात. मध्य राज्याच्या आरंभीचा हेकानाख्त हा ‘का’-पुरोहित व जमीनधारक ह्याची पत्रे हर्बर्ट विन्लॉक ह्यांना १९२१-२२ मध्ये थीब्झ येथे सापडली. नव्याने घरात आलेल्या आपल्या सहचारिणीस घरातील मंडळींनी वाईट वागविल्याबद्दल त्याने त्यांत संताप व्यक्त केला असून धान्याच्या वाटपावरील कुरबुरींचाही उल्लेख केला आहे. देर अल्-मदीना येथील नाउनाख्ते ह्या स्त्रीचे पाचव्या रॅमसीझच्या काळातील मृत्युपत्रही असेच उद्‍बोधक आहे. आठ अपत्यांची ही माता न्यायमंडळापुढे जाहीर करते, की ज्यांनी वृद्धापकाळी आपला सांभाळ केला, त्यांनाच आपल्या मालमत्तेत वाटा मिळेल; उरलेल्यांना तिने स्वतःच्या संपत्तीतून वगळले. पित्याच्या संपत्तीतील त्यांचा हक्क मात्र तिने नाकारला नाही. स्त्रीला स्वतंत्र संपत्ती व ती देण्या-न देण्याचा अधिकार होता, ही गोष्ट भिंतीवरील पतीच्या मागे बसलेल्या पत्नीकडे पाहून लक्षात येणार नाही.

मूल्यमापन : कुटुंबचित्रण हे ईजिप्शियन कुटुंबाचे हुबेहूब प्रतिबिंब नव्हे, तर कुटुंब कसे असावे व अनंतकाळ कसे राहावे, ह्याविषयीच्या अपेक्षेचे चित्र आहे. ते समाजाच्या अगदी थोड्या, संपन्न वर्गाचे व बहुतांशी पुरुषांच्या दृष्टीतून केलेले आहे. वाळूत साध्या खड्ड्यात पुरलेल्या असंख्य शेतकऱ्यांची, अविवाहितांची आणि तान्हेपणी दगावलेल्या मुलांची चित्रे मिळत नाहीत. पण ह्या उणिवांमुळे त्याचे महत्त्व कमी होत नाही. खांद्यावर ठेवलेला हात, पायाशी बसलेले मूल, शिळेच्या कोपऱ्यात कोरलेले सेवकाचे नाव ह्यांतून मृत्यूच्या पलीकडे कोणाला बरोबर न्यावे, ह्याची निवड स्पष्ट होते.

ह्या ठेव्याची हानीही बरीच झाली आहे. क्षारांमुळे गिलावा सुटणे, पुढील काळातील वस्ती, धूर व लूट ह्यांबरोबरच एकोणिसाव्या शतकातील संग्राहकांनी चित्रे भिंतींतून कापून नेली. नेबामूनच्या थडग्यातील चित्रखंड १८२१ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आले आणि तेथे ती उत्तम रीतीने जतन झाली आहेत. परंतु ज्या थडग्यातून ती काढली, त्याची जागाच नंतर विस्मृतीत गेली. नेबामून, हातशेप्सूत व त्यांची कन्या ह्यांची चित्रे आज लक्षावधी लोक पाहतात. मात्र ज्या दालनात त्यांच्या आप्तांनी अन्नपाणी आणावे म्हणून ती काढली गेली, ते दालन थीब्झच्या डोंगरात नेमके कोठे आहे, हे अज्ञातच आहे.